सायटेशन स्टाइल कशासाठी पाळायची?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला बहुतेक जण पेपरची संदर्भसूची सबमिशनच्या आदल्या रात्री करतात. मीही तेच केलं होतं. सायटेशन स्टाइलचं महत्त्व मला कळलं ते नंतर, एका ज्युनिअरने माझ्या पेपरचा संदर्भ दिला तेव्हा. त्यात आडनावाच्या जागी माझ्या वडिलांचं नाव छापलं होतं!

असं का झालं ते सांगतो, पण आधी थोडी पार्श्वभूमी. संदर्भातली कुठली माहिती कुठल्या जागी, कुठल्या क्रमाने लिहायची याचे ठरलेले नियम म्हणजे सायटेशन स्टाइल. आपल्या क्षेत्रात आयईईई चालते. मजकुरात चौकटी कंसात [१], [२] असे आकडे येतात आणि सूचीही त्याच क्रमाने लागते. मानसशास्त्रात एपीए, म्हणजे मजकुरातच आडनाव आणि वर्ष. तिची सुरुवात १९२९ साली एका सातपानी लेखाने झाली. आयईईईमध्ये जागा वाचते, तर एपीएमध्ये संशोधन किती जुनं आहे ते वाचता वाचताच कळतं. कुठली चांगली, हा वाद घालण्यात अर्थ नाही. जर्नल किंवा कॉन्फरन्स सांगेल ती वापरायची.

सोयीचा भाग वाचकाला लगेच दिसतो: खंड कुठला, अंक कुठला, पानं कुठली, हे शोधत बसावं लागत नाही. पण तुमचा संदर्भ माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं. गूगल स्कॉलरसारख्या सेवा त्या ओळीचे तुकडे करून लेखक, शीर्षक, वर्ष वेगळं काढतात आणि मूळ पेपरशी जुळवतात. ओळ वेडीवाकडी असेल तर जुळणी चुकू शकते आणि ज्याचं श्रेय आहे त्याच्या खात्यात ते जमाच होत नाही. डीओआय हा १० ने सुरू होणारा कायमचा क्रमांक याचसाठी द्यायचा. वेबसाइटचा पत्ता बदलला, तरी प्रकाशकाने नोंद अपडेट ठेवली की पेपर सापडतो.

आता माझ्या नावाची गोष्ट. लाटेकसोबत वापरलं जाणारं बिबटेक १९८५ चं आहे. त्यात तुम्ही माहिती एकदाच भरता. स्टाइल बदलायची तर एक ओळ बदलायची, बस. पण नावात स्वल्पविराम नसेल तर बिबटेक शेवटचा शब्द आडनाव धरतं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येतं. म्हणजे 'जोशी अमित सुरेश' असं भरलं की छापून येतं 'जे. ए. सुरेश'. माझ्या ज्युनिअरने नेमकं हेच केलं होतं. उपाय सोपा आहे: 'जोशी, अमित सुरेश', आडनावानंतर स्वल्पविराम. शिवाय 'एस. पाटील' किती असतील विचार करा! म्हणून पहिल्या पेपरपासून नाव एकाच पद्धतीने लिहा आणि ऑर्किडचा १६ अंकी आयडी काढून ठेवा, तो मोफत मिळतो.

लाटेक नको असेल तर झोटेरो वापरा. तेही मोफत आहे, वर्डमध्ये चालतं आणि त्यासाठी १०,००० हून जास्त स्टाइल्स उपलब्ध आहेत. फक्त आपोआप आलेली नोंद एकदा डोळ्याखालून घाला. पान क्रमांक बऱ्याचदा गायब असतात.

एक गोष्ट मात्र स्टाइल करत नाही: संदर्भ खरा आहे की नाही ते तपासणं. एल्सव्हिअर या प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये 'व्हान डर गीर, २०००' असा एक नमुना संदर्भ होता, स्वरूप अगदी बिनचूक, पण तसा पेपरच अस्तित्वात नव्हता. तरी जवळपास ४०० पेपरांमध्ये तो जसाच्या तसा राहून गेला. हल्ली चॅटबॉटही असे सुबक, खोटे संदर्भ बनवून देतात. त्यामुळे सूची तयार झाली की प्रत्येक डीओआय ब्राउझरमध्ये उघडून पाहा. वीस संदर्भांना फार तर अर्धा तास लागतो.