महागाईचा आकडा कोण मोजतो?

किमान वेतन महागाईबरोबर वाढावं की नाही, हा वाद नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात तो १९४० मध्येच रस्त्यावर आला होता. महायुद्ध सुरू झालं, धान्य महागलं आणि त्या मार्चमध्ये गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला. पुढे भत्ता सरकारी निर्देशांकाला बांधला गेला. प्रश्न सुटला असंच वाटेल!

पण निर्देशांक म्हणजे काय? १९३२-३३ मध्ये मुंबईतल्या कामगार कुटुंबांचा घरखर्च तपासला गेला. धान्य किती, कापड किती, सरपण किती, खोलीचं भाडं किती. त्या सामानाची १९३३-३४ मधली किंमत १०० धरली, आणि पुढे दर महिन्याला भाव टिपायचे. लढाई झाली, रेशनिंग आलं, स्वातंत्र्य आलं; यादी जुनीच राहिली.

आता पगाराचं बघा. १९४७ च्या निवाड्यात सर्वांत खालच्या कामगाराला २६ दिवसांचे ३० रुपये ठरले. पन्नासच्या दशकात भत्ता या मूळ पगाराहून जास्त होता. म्हणजे चूल पेटायची ती भत्त्यावर. आकडा थोडा कमी लागला की प्रत्येक पाकिटातून पैसे जायचे, आणि कुणी नेले तेही सांगता यायचं नाही.

१९६३ मध्ये कामगार नेमकं हेच विचारू लागले: बाजारात भाव चढतात, मग तुमचा आकडा का हलत नाही? मुंबई बंद पाळला गेला. सरकारने अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांची समिती नेमली, आणि निर्देशांकात खोट आहे, तो कमी दाखवतो, हे समितीने मान्य केलं. मला हा प्रसंग त्या संपाहून मोठा वाटतो. वाण्याच्या दुकानात बायकांना जे रोज कळत होतं, ते अखेर सरकारी कागदावर आलं.

मालक म्हणत, भत्ता वाढला की माल महागतो. त्यात तथ्य नाही असं नाही. पण भत्ता मुळात भाव चढून गेल्यावरच हातात पडतो, हे ते सांगत नसत.

शिवाय भत्ता कालची पायरी टिकवतो, वर चढवत नाही. मूळ दरातच जे धरलेलं नाही, ते भत्ता कुठून देणार? १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी अन्न, कुटुंबाला वर्षाचं ७२ वार कापड, भाडं आणि इंधन-दिवाबत्तीसारखा किरकोळ खर्च मोजला. मुलांचं शिक्षण आणि औषधपाणी त्यात वेगळं धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते १९९१ मध्ये. पहिल्या हिशेबाच्या वेळी शाळेत जायच्या वयाची असलेली पोरं तोवर चाळिशीला आली होती.