मालवण

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व अरबी समुद्रावरील जुने बंदर. उत्तरेस कोळंबची खाडी, दक्षिणेस तारकर्ली व कर्ली नदीच्या मुखावरील देवबाग. कोकण रेल्वेवरील कुडाळ स्थानकावरून येथे येता येते.

इतिहास : बंदरासमोरील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सिंधुदुर्ग किल्ला बांधावयास घेतला. पायाभरणीची पूजा किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी झाली. पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे सिंधुदुर्गाचे सोबती किल्ले. छत्रपती राजारामांनी सिंधुदुर्गात बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात महाराजांची मूर्ती असून तिच्या डोक्यावर नाविकी धाटणीची टोपी आहे. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. 1812 मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेले.

लोकजीवन : गाबीत समाजाचा पिढीजात धंदा मासेमारी. किनाऱ्यावरून दोन्ही टोके ओढावयाच्या रापणीला (मोठ्या जाळ्याला) अनेक हात लागतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करतात. बंदरावर नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. मसुरे गावातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून नव्हे, देवीच्या कौलाने ठरते. देवापुढील गाऱ्हाण्याला जमलेले लोक ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. जत्रांतून रात्रभर दशावतार चालतो; त्यात लिखित संहिता नसते, संवाद नट रंगमंचावरच रचतात आणि स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष करतात. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाने मच्छिंद्र कांबळी यांच्यासह 1980 पासून मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर गाजवली.

खाद्यसंस्कृती : तांदूळ, नारळ, मासळी व कोकम हा स्वयंपाकाचा पाया. बांगड्या-तारल्यांच्या तिखल्यात (तिखट कालवणात) तिरफळ घालतात. त्याचा उग्र वास मासळीचा हिवसपणा मारतो. कोंबडीच्या सागोतीबरोबर (रश्श्याबरोबर) तांदूळ व डाळींच्या पिठाचे वडे, जेवणाअखेर कोकमाचे आगळ व नारळाच्या रसाची सोलकढी. शिरवळ्या (तांदळाच्या शेवया) गूळ घातलेल्या नारळरसात बुडवून खातात. तवसाचे (काकडीचे) धोंडस पावसाळ्यातले, तर आले-गुळाच्या पाकात घोळलेला खाजा जत्रेतला. जत्रेहून परतताना तो घरी नेण्याची रीत आहे.

निसर्ग व पर्यटन : 1987 मध्ये येथील समुद्रात सागरी अभयारण्य घोषित झाले. किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आढळतात. तारकर्लीला पर्यटक स्कूबा डायव्हिंगचा अनुभव घेतात. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळला की किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात.