पत्री सरकार

पत्री सरकार (नपुंसकलिंगी नाम) : सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजी अमलाला समांतर चाललेल्या लोकसत्तेचे जनतेने रूढ केलेले नाव. कार्यकर्त्यांचा स्वतःचा शब्द ‘प्रतिसरकार’. वाळवा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीतले तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. १९४९ मध्ये त्यांचा दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

‘प्रति’ची ‘पत्री’ होणे बोलीला अवघड नाही. ‘नुकसान’चे ‘नुसकान’ जसे होते, तसाच इथे ‘र’ जागा सोडून सरकला. पण नुसत्या उच्चाराने हा शब्द टिकला नसता. शेतकऱ्याला पत्री आधीपासून माहीत होती. खडीच्या रस्त्यावर खूर झिजू नयेत म्हणून नालबंद बैलाला आडवा पाडतो, पाय आवळून बांधतो आणि खुरांना लोखंडी पत्री मारतो. प्रतिसरकारची शिक्षाही तशीच दिसे. दरोडेखोर, पोलिसांचे खबरे, गावाला नाडणारे सावकार यांना पाडून, पाय बांधून तळपायांवर काठ्या मारत. ‘पत्री मारली’ हा गोठ्यातला वाक्प्रचार माणसाला लागला तो असा.

माणसांच्या पायांत खरोखरच पत्र्या ठोकतात, अशी वदंताही पसरली. कार्यकर्त्यांच्या सांगण्याप्रमाणे मार काठीचाच होता.

या नावाने धाक तेवढा लक्षात राहिला, काम मागे पडले, ही खरी हानी. क्रांतिसिंह नाना पाटील या चळवळीचे सर्वमान्य नेते. येडेमच्छिंद्र हे त्यांचे गाव. गावोगावी न्यायदान मंडळांनी जमिनीचे आणि घरगुती तंटे मिटवले, कमी खर्चाचे ‘गांधी विवाह’ लावले, दारूबंदी केली. कुंडलचे जी. डी. लाड ऊर्फ बापू प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे फील्ड मार्शल. सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून सरकारी पैसा घेतला. या चळवळीमागे १९४२चे रक्तही होते : ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले.

हे काम मागे पडू नये म्हणून कोशात ‘पत्री’चा हा अर्थ देताना ‘प्रतिसरकार’ची स्वतंत्र, सविस्तर नोंद असलीच पाहिजे.

१९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर भूमिगत कार्यकर्ते उघडपणे वावरू लागले. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले.