चिकटा, राळा आणि माणसाचा हात

भाद्रपद संपत आला, की भडगावच्या शिवारात बांधावरून किंवा पाटाच्या कडेने चालणाऱ्याच्या कपड्यांना एक गवत हमखास धरतं. बोटाएवढं लांब, केसाळ कणीस. मुलं ते तोडून एकमेकांच्या पाठीवर फेकतात. चिकटतं म्हणून त्याचं नाव चिकटा. शाळेसमोर हिरवळ लावली असेल, तर तिथेही ते आणि त्याचे भाऊबंद आपणहून हजर होतात. कणीस कोल्ह्याच्या शेपटीसारखं दिसतं, आणि इंग्रजांनी या गवतांना नावही त्यावरूनच दिलं. शास्त्रज्ञ या प्रजातीला सेटारिया म्हणतात.

याच प्रजातीत राळा आहे. भोगीला राज्याच्या काही भागांत ज्याचा भात होतो, तोच राळा. म्हणजे एका भावाला आपण पानात वाढतो आणि दुसऱ्याला खुरप्याने काढतो. असं का झालं, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे.

आधी ओळख पटवून घेऊ. सेटारियात दाण्याच्या बुडाशी कुसं असतात आणि दाणा गळला तरी ती दांड्यावरच राहतात. त्या कुसांवर अतिसूक्ष्म दाते असतात. कणीस दोन बोटांत धरून बुडाकडून शेंड्याकडे ओढा. बोटांना अडलं, तर दाते खाली वळलेले आहेत, तो चिकटा. तसं सहज सरकलं, पण उलट ओढताना खरखरलं, तर दुसरी जात. त्यातही कुसं पिवळसर सोनेरी असतील आणि दाण्यावर आडव्या सुरकुत्या असतील, तर ती सेटारिया प्युमिला. भिंग असेल तर उत्तम, नसेल तरी बोटं पुरतात.

राळ्याचा पूर्वज म्हणजे सेटारिया व्हिरिडिस हे रानगवत. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी उत्तर चीनमध्ये माणसाने ते माणसाळवलं. रानगवताचे दाणे थोडे थोडे पिकतात आणि पिकताच गळतात. गवताच्या दृष्टीने ते सोयीचंच. पण कापणी करणाऱ्याच्या हाती फक्त न गळलेले दाणे येतात. तेच पुढच्या वर्षी पेरले जातात. कुणी ठरवून निवड केली नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या अशी चाळणी लागत गेली आणि दाणे धरून ठेवणारं राळं तयार झालं.

निंदणीचीही अशीच चाळणी असते. पिकाहून वेगळं दिसणारं तण आधी उपटलं जातं, पिकासारखं दिसणारं वाचतं. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह (१८८७–१९४३) यांनी दाखवून दिलं, की काही तणं अशा निवडीतून पिकाची नक्कल करू लागतात, आणि राय हे धान्य तर गव्हाच्या शेतातल्या तणातूनच पुढे आलं. राळ्याच्या शेतातलं रानटी राळंही लहानपणी ओळखायला कठीण जातं.

आता आपल्या बाजूला येऊ. भडगावच्या वरच्या अंगाला, गिरणेच्याच काठी, बहाळ येथे १९५२–५३ आणि १९५६–५७ मध्ये म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. खापरं डोळ्यांना दिसतात; जळके दाणे मात्र माती पाण्यात खळबळून, वर तरंगणारा कोळसा गाळून मिळवावे लागतात. ही पद्धत आपल्याकडे पुढे रुळली. डोरियन फुलर, रवी कोरीशेट्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कर्नाटक–आंध्रातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांवर वापरली. संगनकल्लू, हळ्ळूर अशा ठिकाणी, इ.स.पू. तिसऱ्या–दुसऱ्या सहस्रकांत, मूग आणि कुळथाबरोबर दोन बारीक धान्यं मुख्य होती. एक कन्नडमध्ये कोरले म्हणतात ते. दुसरं चिकटा.

आपल्या धोतराला चिकटणारं गवत दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांचं पोटाचं धान्य होतं! पुढे आफ्रिकेतून आलेल्या ज्वारी–बाजरीने मोठा दाणा दिला आणि चिकटा बांधावर गेला. सेटारिया प्युमिला मात्र अजून अधेमधे आहे. दक्षिणेतल्या आणि ओडिशातल्या काही डोंगरी भागांत शेतकरी ते कुटकीत उगवू देतात, बरोबरच कापतात आणि बरोबरच शिजवतात.

याचा अर्थ कपाशीत चिकटा राहू द्यावा, असा नाही. पीक लहान असताना तो पाणी आणि खत ओढून घेतो. पण त्याचा स्वभाव माहीत असला, तर उपायही कळतो. तो एकवर्षायू आहे. मुळापासून दरवर्षी फुटणारा नाही. सगळा भरवसा बियांवर. म्हणून कणीस हिरवं असतानाच उपटावं. वाळल्यावर कुसं जागेवर दिसतात, पण बी आधीच मातीत गेलेलं असतं. हिरवळ फार बुटकी कापली, तर ही गवतं आडवी पसरून पात्याच्या खालीच कणसं धरतात. त्यापेक्षा दाट हिरवळीची सावलीच त्यांना आवरते. आणि शिवारातून परतल्यावर कपड्यांवरची कणसं अंगणात झटकू नयेत, चुलीत टाकावीत.

त्याआधी एक कणीस वर्गात न्या, दुकानातला मूठभर राळाही न्या. दोन्ही शेजारी ठेवा. यातलं धान्य कोणतं, ते मुलांना विचारा, आणि कुणी ठरवलं, तेही विचारा.