टाकळा

टाकळा (शास्त्रीय नाव: सेना टोरा, जुने नाव: कॅसिया टोरा) ही शिंबावंत कुलातील वर्षायू रानवनस्पती आहे. विदर्भात तिला तरोटा, तर संस्कृतमध्ये चक्रमर्द म्हणतात. पावसाच्या पहिल्या सरींनंतर ती पडीक जमिनीवर, बांधांवर व रस्त्यांच्या कडेला दाटीने उगवते.

ओळख

संयुक्त पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात. पर्णिका टोकाकडे रुंद व गोलसर असून रात्री मिटतात. फुले पिवळी, शेंगा लांब, बारीक व किंचित वाकड्या असतात.

कासोदा (सेना ऑक्सिडेंटॅलिस) ही टाकळ्याच्या जवळची जाती बऱ्याचदा त्याच जागी वाढते. मात्र तिच्या पर्णिका टोकदार असून त्यांच्या जोड्या अधिक असतात. हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांमध्ये आढळणारा व दीर्घकाळ विषाणूजन्य मेंदूज्वर समजला गेलेला एक जीवघेणा आजार कासोद्याच्या बिया खाल्ल्याने होतो, असे संशोधनातून दिसून आले. यकृत, स्नायू व मेंदू यांवर त्याचा परिणाम होतो.

आहारातील उपयोग

भाजीसाठी फुलोऱ्यापूर्वीची कोवळी पाने व शेंडे खुडतात. हा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो. पुढे पाने राठ होतात व त्यांचा उग्र वास वाढतो. कांदा, लसूण व मिरचीच्या फोडणीवर भाजी परतून वरून ओले खोबरे घालतात. काही ठिकाणी भिजवलेली मूगडाळ, तर कोकण व गोव्यात फणसाच्या आठळ्याही घालतात. वाहत्या रस्त्यालगतची किंवा तणनाशक फवारलेल्या जागेवरील पाने खुडू नयेत. भाजलेल्या बियांची पूड कॉफीऐवजी वापरली जाते. बियांपासून मिळणारा डिंक खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी वापरतात.

औषधी उपयोग

आयुर्वेदात टाकळ्याला दद्रुघ्न, म्हणजे नायटा नाहीसा करणारा, असेही म्हटले आहे. चक्रमर्द हे नावही नायट्याच्या वर्तुळाकार चट्ट्यांशी जोडले जाते. त्यासाठी बिया वाटून लेप लावण्याची प्रथा आहे. बियांत क्रायसोफॅनॉल आदी अँथ्राक्विनोन गटातील द्रव्ये असतात. या गटातील अनेक द्रव्ये रेचक असतात. त्यामुळे भाजी पचते म्हणून बियांचे चूर्णही तितकेच निर्धोक ठरत नाही.