कर्त्याची पारख

हैदराबादचे हिमायतनगर आणि शहराबाहेरील हिमायतसागर ही दोन्ही नावे सातव्या निजामांचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान यांच्या नावावरून पडली. त्यांतील सागराच्या मागे एका योग्य निवडीचा इतिहास आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने शहराची दैना केली. सुमारे १५ हजार माणसे प्राणांस मुकली, असे सांगतात. अशा वेळी बांधणारे हात पुष्कळ मिळतात. काय बांधावे हे सांगणारा जाणता मात्र शोधावा लागतो. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. मुंबई सरकारची सेवा सोडून ते तेव्हा परदेश प्रवासात होते. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या या पुरुषाची शिफारस त्यांच्या कामांनीच केली होती : सक्करचा पाणीपुरवठा, खडकवासल्याच्या धरणावरील स्वयंचलित दारे. १९०९ मध्ये पाहणी करून त्यांनी शहराच्या वरच्या अंगास मुसी व ईसी या नद्यांवर जलाशय बांधण्याची योजना दिली. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर साकारले.

देवालयाचा जीर्णोद्धार हाती घेणाऱ्या महाजनांनीही हा क्रम ध्यानी ठेवावा. आधी जाणत्याकडून आराखडा करून घ्यावा, मग निविदा मागवाव्यात. केवळ कमी दराकडे न पाहता कंत्राटदाराने पूर्वी केलेली कामे, शक्यतो एखादा पावसाळा गेल्यावर, प्रत्यक्ष जाऊन पाहावीत. खर्ची पडणारे द्रव्य देवाचे व भाविकांचे असते.