वाफ, तरफ आणि आकडा : घरगुती एस्प्रेसो यंत्राच्या निवडीमागचा इतिहास

वस्तू महाग असली की तिच्याविषयीची चर्चा किमतीपाशी सुरू होते आणि बहुधा किमतीपाशीच संपते. घरात ठेवायच्या उंची एस्प्रेसो यंत्रांबाबत नेमके हेच घडताना दिसते. काही लाखांपर्यंत जाऊ शकणारी ही खरेदी करू पाहणाऱ्यासमोर सर्वसाधारणपणे तीन कुळे असतात: हाताने तरफ ओढायचे यंत्र, 'ई-६१' नावाच्या पितळी ग्रुपचे यंत्र, आणि दोन बॉयलर व तापमानाचा आकडा दाखवणारे यंत्र. यांतले 'चांगले' कोणते, असा प्रश्न विचारला जातो. आमच्या मते तो इतिहासाला विचारल्याखेरीज त्याचे उत्तर मिळत नाही; कारण ही तीन कुळे म्हणजे तीन वेगवेगळ्या काळांनी एकाच प्रश्नाला दिलेली उत्तरे आहेत. तो प्रश्न असा: कपात जे उतरते त्याची जबाबदारी कोणाची, हाताची, यंत्राची की आकड्याची?

आरंभ शब्दापासून करणे साहित्याच्या अभ्यासकांना रुचेल. 'एस्प्रेसो' या इटालियन शब्दाला तीन अर्थ चिकटलेले आहेत: दाबून काढलेले, खास त्या एका गिऱ्हाइकाच्या मागणीवरून केलेले, आणि जलद. या पेयाचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या तीन अर्थांमधली ओढाताण होय, असे म्हणता येईल.

पहिल्या यंत्रांना जलद होण्याची घाई होती. तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ साली वाफेच्या साहाय्याने कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले; पण त्याचे यंत्र एका वेळी मोठा साठा तयार करणारे होते. मिलानच्या लुईजी बेझ्झेराने १९०१ साली गिऱ्हाइकागणिक स्वतंत्र कप काढण्याची युक्ती शोधली. देसिदेरियो पावोनीने ते पेटंट विकत घेतले आणि १९०५ पासून 'ला पावोनी' या नावाने यंत्रे बाजारात आणली. उभट, चकचकीत, माथ्यावर घुमट असलेली ही यंत्रे काउंटरची शोभा वाढवीत. मात्र त्यांतील दाब जेमतेम दीड-दोन बार एवढाच असे. वाफेचाच जोर वापरायचा म्हटल्यावर पाणी अतितप्त होणार आणि कॉफी करपट लागणार, हे ओघानेच आले.

या यंत्रांचे घर म्हणजे बार, हे येथे विसरता कामा नये. १९११ साली इटलीत जीवनावश्यक वस्तूंचे कमाल दर ठरवण्याचा अधिकार स्थानिक नगरसंस्थांना मिळाला आणि उभ्याने घेतलेली, टेबलावर न मागवलेली कॉफी त्या वस्तूंत धरली गेली. उभ्या उभ्या दोन घोटांत संपणारे, स्वस्त, चारचौघांतले पेय ही एस्प्रेसोची ओळख अशी कायद्याच्या आधाराने घट्ट झाली. घरी मात्र वेगळेच साधन नांदत राहिले. १९३३ सालच्या बियालेत्तीच्या मोका भांड्यात वाफेच्या दाबाने पाणी वर चढते. म्हणजे बारने पुढे टाकून दिलेले तत्त्व स्वयंपाकघराने आजतागायत जपले आहे.

'दाबून काढलेले' या अर्थाला खरा न्याय दिला तो मिलानच्या आकिल्ले गाज्जाने. १९३८ साली त्याने पहिले पेटंट घेतले. युद्धानंतर १९४७ मध्ये तरफ, स्प्रिंग आणि दट्ट्या यांच्या रचनेचे दुसरे पेटंट घेतले आणि १९४८ पासून ती यंत्रे बाजारात दिसू लागली. कॉफी करणारा तरफ खाली ओढतो, स्प्रिंग आवळली जाते, नळकांड्यात पाणी भरते. तरफ सोडली की स्प्रिंगच्या जोराने दट्ट्या ते पाणी कॉफीच्या चकतीतून सुमारे आठ-नऊ बार दाबाने ढकलतो. नळकांड्याच्या मापामुळे कप लहान झाला आणि वाढलेल्या दाबामुळे कॉफीवर तांबूस फेसाचा दाट थर आला. इटालियन लोक त्याला 'क्रेमा' म्हणू लागले. आपण साय म्हणू. आपले यंत्र वाफेविना चालते, हे गाज्जा अभिमानाने जाहीर करीत असे.

येथे एक उपरोध नोंदवण्याजोगा आहे. ज्या शब्दाने युरोपात वाफेशी काडीमोड घेतला, तोच आपल्याकडे वाफेचा पर्याय होऊन बसला. लग्नाच्या स्वागतसमारंभात फुस्स आवाज करीत दुधात वाफ सोडणारे, वर चॉकलेटची भुकटी भुरभुरणारे यंत्र आणि त्यातून मिळणारी 'एक्स्प्रेसो' कॉफी महाराष्ट्रातील एका पिढीला पुरती परिचित आहे. त्या कपात दाबाने काढलेल्या कॉफीचा अंशही नसे. इन्स्टंट पूड आणि फेसाळ दूध एवढाच ऐवज. तिला खोटी म्हणून हिणवण्याचे कारण नाही. वस्तू देशांतर करते तेव्हा तिचे कोणते अंग सोबत येते आणि कोणते मागे राहते, याचे ते बोलके उदाहरण आहे.

आता या इतिहासातील कळीच्या वर्षाकडे येऊ. १९६१ साली एर्नेस्तो वालेन्तेच्या फाएमा कंपनीने 'ई-६१' हे यंत्र आणले. त्या वर्षी युरोपातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून त्याला हे नाव मिळाले. तरफेची जागा विजेच्या पंपाने घेतली. नऊ बारचा दाब स्नायूंविना मिळू लागला. कॉफीचे पाणी वाफेच्या बॉयलरमधून गेलेल्या नळीतून, म्हणजे हीट एक्स्चेंजरमधून, तापत येऊ लागले. गरम पाणी पितळी ग्रुपमधून सतत फिरते ठेवून तो तप्त राखण्याची सोय झाली. गर्दीच्या बारमध्ये शंभरावा कप पहिल्यासारखाच निघावा, हा या रचनेचा हेतू होता.

नेमक्या त्याच १९६१ साली ला पावोनीने 'एउरोपिक्कोला' हे छोटे घरगुती यंत्र आणले. त्यात पंप नाही, स्प्रिंगही नाही. दट्ट्या थेट हाताच्या जोराने दाबायचा. बारमधून हात बाहेर पडत होता तेव्हाच तो घरात शिरत होता! हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. धंद्याला एकसारखेपणा हवा होता, तर हौसेला कौशल्य. यंत्र निवडणाऱ्याला आजही याच दोन टोकांमध्ये उभे राहावे लागते.

तिसरे उत्तर फ्लोरेन्सहून आले. १९२७ साली स्थापन झालेल्या ला मार्झोक्कोने १९७० मध्ये 'जीएस' या यंत्रात कॉफीसाठी आणि वाफेसाठी दोन स्वतंत्र बॉयलर बसवले. त्यामुळे वाफेच्या गरजेपायी कॉफीचे पाणी अतितप्त होण्याचे कारण उरले नाही. पुढे कारखान्यांतील तापमान-नियंत्रणात रुळलेला 'पीआयडी' नियंत्रक या यंत्रांना जोडला गेला आणि तापमान आकड्यात वाचता येऊ लागले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हौशी मंडळी तो लहान घरगुती यंत्रांनाही स्वतःच्या हातांनी बसवू लागली होती. २०१५ साली आलेल्या 'लिनेआ मिनी'सारख्या यंत्रात बारची ही रचना ओट्यावर मावेल अशी झाली.

ओट्यावर आल्यावर मात्र बारचे गुण जसेच्या तसे राहत नाहीत, आणि निवडीचा खरा पेच येथेच आहे. ई-६१ चा जड पितळी ग्रुप दिवसभर चालू असलेल्या बारमध्ये वरदान ठरतो. घरी मात्र तो पुरता तापायला साधारण अर्धा तास लागतो. सलग कप काढले जातात तोवर हीट एक्स्चेंजर नेमका वागतो. यंत्र नुसते तापत बसले की नळीतील पाणी अतितप्त होते आणि कप काढण्यापूर्वी थोडे पाणी ओतून द्यावे लागते. एउरोपिक्कोलाची तऱ्हा उलटी: तिचे पहिले दोन कप सुरेख निघतात, पुढे तीच तापून हट्टाला पेटते. म्हणजे 'जलद' हा अर्थ घरात आल्याबरोबर गळून पडतो. उरतात 'दाबून' आणि 'खास त्या एकासाठी' हे दोन.

मग निवड कशी करावी? आमचे मत स्पष्ट आहे. एकटा-दुकटा काळी कॉफी पिणारा, रोज थोडे चुकत थोडे शिकत जाण्यात आनंद मानणारा माणूस तरफेकडे वळला तर तो परंपरेशी प्रामाणिकच राहील. ज्या घरात चारपाच कप लागोपाठ लागतात, दूध हवेच असते आणि दाणे गडद भाजलेले असतात, तेथे हीट एक्स्चेंजर अजूनही पुरेसा आहे. वाफ आणि कॉफी एकाच वेळी देण्यासाठीच त्याचा जन्म झाला. फिक्या भाजणीच्या, निरनिराळ्या मळ्यांच्या दाण्यांमधला भेद ज्याला चाखायचा आहे, त्याला मात्र दोन बॉयलर आणि आकडा यांचा खर्च सार्थ वाटेल. फिक्या भाजणीला अधिक तप्त आणि मोजूनमापून दिलेले पाणी लागते. आणि तिघांनीही आधी दळण्याच्या यंत्राचा विचार करावा. कॉफीच्या चकतीने पाण्याला अडवले तरच नऊ बारला अर्थ येतो, आणि ती अडवणूक दळणाच्या बारीकपणावर ठरते.

आकड्यांविषयी एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. १९९८ साली स्थापन झालेल्या इटलीतील राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने प्रमाण एस्प्रेसोची व्याख्या केली: सात ग्रॅम कॉफी, नऊ बार दाब, ८८ अंश सेल्सिअसचे पाणी, पंचवीस सेकंद, पंचवीस मिलिलिटर. थोड्याफार फरकाची मुभाही दिली. हे आकडे निसर्गनियम नव्हेत. गाज्जाच्या स्प्रिंगचा जोर, त्याच्या नळकांड्याचे माप, वालेन्तेचा पंप आणि इटलीची गडद भाजणी यांनी मिळून घडवलेली सवय पुढे व्याख्येच्या रूपाने स्थिरावली. वाङ्मयप्रकारांचे नियमही असेच जन्मतात. आधी काही कृती घडतात, मग त्यांचे व्याकरण लिहिले जाते, आणि पुढील पिढी त्या व्याकरणालाच मूळ मानू लागते.

म्हणून यंत्र विकत घेणाऱ्याने आपण कोणत्या काळाची गरज विकत घेत आहोत, हे ओळखावे एवढेच आमचे सांगणे. शंभर गिऱ्हाइकांसाठी योजलेला गुण दोन माणसांच्या घरात बहुतेक वेळ निजलेलाच राहतो, आणि किंमत मात्र त्याचीच सर्वांत अधिक मोजावी लागते.